पेवातली हळद

पुस्तक हातात पडल्यापडल्या वाचायला लागणाऱ्या माणसाचा आमच्या सरांना भयंकर राग यायचा. सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्राची अधिव्याख्याती म्हणून मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी तो राग माझ्या वाट्याला आला. ग्रंथालयातून एक नवं पुस्तक आणलं होतं. विभागाच्या खोलीत टेबलाशी बसून मी ते उघडलं, तोच समोरून आवाज आला, "बाई, पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरतं का?"

मी साताऱ्याची. पेव म्हणजे काय हे मला कुठून ठाऊक असणार? शिवाय नवी नोकरी, नवी साडी, विभागप्रमुखांवर जरा छाप पडावी म्हणून तर ते पुस्तक घेऊन बसलेले. मी आपली "नाही सर" म्हणून मोकळी झाले. ते उठले. माझ्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी ते मधोमध उघडलं, खिडकीत उताणं ठेवलं, पानं उडू नयेत म्हणून वर डस्टर ठेवलं आणि म्हणाले, "उद्यापर्यंत वाफ जाऊ दे. मग बघू."

झालं! मनात म्हटलं, चांगल्या वेड्याच्या हाताखाली येऊन पडलो आपण. शनिवारी साताऱ्याला घरी गेल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पगार वेळेवर देतात ना? मग ठेवू देत की पुस्तक खिडकीत."

पेव म्हणजे काय ते मला पुढं हरिपुरात कळलं. सांगलीला लागूनच आहे हरिपूर. सर दर वर्षी नव्या वर्गाला सायकलवरून तिथं घेऊन जायचे. त्या वर्षी वर्गाबरोबर मीही गेले, सायकल येत नाही म्हणून टांग्यानं. नदीकाठच्या मातीत तिथले लोक खोल खड्डे घेतात. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं. त्यात हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं आणि चांगला भाव येईपर्यंत वाट बघायची. वर्षानुवर्षं हळद आत राहते, किडत नाही की कुजत नाही. पण पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. तेवत राहिला तर खुशाल उतरा.

आम्ही गेलो तेव्हा एक पेव उघडत होते. सर काळ्या कोटासकट मातीत उकिडवे बसून आत जाणाऱ्या कंदिलाकडं बघत होते. आमच्यातला एकजण काहीतरी विचारायला लागला, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. कंदील तळाला टेकला आणि तेवत राहिला, तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला. "बघितलंत बाई? पुस्तक असंच तपासायचं. मधलं एखादं पान काढायचं, ज्याला त्यातलं ओ का ठो कळत नाही अशा माणसापुढं वाचायचं, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं. तोंड विझलं की थांबायचं. त्या पानात हवा खराब आहे."

आणि हे ते नुसतं बोलत नसत, करत असत. त्यांच्या सगळ्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं जागोजागी लिहिलेलं असे, 'कंदील विझला'. मोठमोठ्या इंग्रज पंडितांच्या पुस्तकांतसुद्धा. एका पुस्तकात तर प्रस्तावनेपाशीच विझला होता.

सर आटपाडीचे. मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांना दोन भाषा होत्या. वर्गात अशी स्वच्छ मराठी बोलायचे की फळ्यावर लिहिल्यासारखी. आणि राग आला, नाहीतर माया आली, की आटपाडी सुरू. "न्हाई" म्हणाले की समजायचं, आता माघार नाही. उन्हाळा असो, काही असो, अंगात तो काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात एक हळकुंड. कशाला, म्हणून विचारायची सोय नव्हती. वर्षाच्या शेवटच्या तासाला मात्र ते बाहेर निघायचं. सर ते वर्गापुढं धरायचे आणि विचारायचे, "ही पेवातली हळद. पिकवली, पण विकली नाही, खाल्ली नाही. आता सांगा, ही बचत की गुंतवणूक?" पोरं भांडायला लागायची. अर्धी म्हणायची बचत, अर्धी म्हणायची गुंतवणूक. सर कान देऊन ऐकायचे, हसायचे आणि उत्तर न सांगता हळकुंड खिशात टाकून निघून जायचे. परीक्षेला तो प्रश्न कधीही यायचा नाही.

आणखी एक खोड. संध्याकाळी सगळी सांगली नदीवर फिरायला जाई, आमचे सर जायचे एस.टी. स्टँडवर. साताऱ्याची गाडी लागायची तिथं उभे राहायचे. उतरणारी माणसं बघायचे, कंडक्टरला "वेळेवर आली का रं?" म्हणून विचारायचे आणि परत फिरायचे. कुणाला आणायचं नाही, कुणाला पोचवायचं नाही. कंडक्टर लोकांना वाटे, कॉलेजचा मास्तर आहे, सरकारनं तपासणीला नेमला असेल.

मी दर शनिवारी साताऱ्याला जायची आणि सोमवारी परत यायची. सोमवारी विभागात पाऊल टाकलं की सरांचा पहिला प्रश्न, "काय म्हणतंय सातारा?" मी सांगायची, ठीक आहे. थंडी आहे. पाऊस आहे. कंदी पेढे आणलेत, घ्या. ते पेढा घ्यायचे, पण तोंड असं करायचे की मी सांगायचं तेवढं सांगितलंच नाही. पहिल्यांदा मला शंका आली, हे माझ्यासाठी स्थळबिळ बघतायत की काय! सांगलीत मी खोली घेऊन राहायची, तिथल्या घरमालकीणबाईंनाही तीच शंका. त्या मेल्या पुढं होऊन म्हणाल्यासुद्धा, "विचारून टाका एकदाचं." काय विचारणार, कप्पाळ?

त्या सुमारास विद्यापीठानं पदवीला मराठी माध्यम सुरू केलं होतं. माध्यम सुरू केलं, पण पुस्तकं कुठं होती? समग्रलक्षी अर्थशास्त्र, म्हणजे एकट्यादुकट्याचं नव्हे, अख्ख्या देशाच्या कमाई-खर्चाचं शास्त्र. त्याचं पदवीच्या पोरांना चालेल असं धड पुस्तक मराठीत हाती नव्हतं. आम्ही इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठीत सांगायचो, पोरं जमेल तसं उतरून घ्यायची. जतकडची एक मुलगी होती, हुशार. तिनं इंग्रजी पुस्तकाचं अख्खं प्रकरण पाठ केलं आणि परीक्षेत ओळीच्या ओळी लिहून आली. मी विचारलं, "याचा अर्थ काय गं?" तर म्हणाली, "अर्थ न्हाई म्हाईत बाई, पण चुकलं न्हाई ना कुठं? आमचं मराठी पुस्तक कवा येणार?"

आणि एक दिवस ते आलं. टाइप केलेल्या कागदांचा जाड गठ्ठा, विद्यापीठाकडून, सरांच्या नावे. पाठ्यपुस्तक म्हणून लावायला योग्य आहे का, ते तपासून अभिप्राय द्यावा. लेखकाला परीक्षक कळू नये आणि परीक्षकाला लेखक, असा नियम, म्हणून वरचं नाव चिकटपट्टीनं झाकलेलं. संक्रांतीपर्यंत अभिप्राय हवा, म्हणजे जूनमध्ये नव्या वर्षाला पुस्तक पोरांच्या हातात पडेल.

गठ्ठा खिडकीत गेला. डस्टर वर. दुसऱ्या दिवशी सरांनी पहिलं पान उचललं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. मग खुर्चीत बसले. मग पान खाली ठेवलं आणि कोटाच्या खिशात हात घालून बसून राहिले. तासाची घंटा झाली तरी हलले नाहीत. मी म्हटलं, "सर, वर्ग." तर म्हणाले, "तुम्ही घ्या." असं याआधी कधी झालेलं नव्हतं.

त्यानंतर सुरू झाली तपासणी. शिपाई, कँटीनवाला, हळद बाजारातला हमाल, जो सापडेल त्याच्यापुढं सर पान वाचायचे. एका रविवारी सकाळी माझ्या खोलीवर हजर! घरमालकीणबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सरांनी त्यांच्यापुढं पाटावर बसून उत्पन्न आणि उपभोग यांचं प्रकरण वाचायला घेतलं. बाई आधी सुपाकडं बघत होत्या, मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. प्रकरण संपलं तेव्हा त्यांनी कागदांना हात जोडले आणि विचारलं, "छान आहे हो. कुठल्या देवाचं आहे?" मी हसू दाबायला आत पळाले. सर मात्र गंभीरपणे समासात 'कंदील विझला' लिहीत होते. जाताना मला म्हणाले, "हात जोडले म्हणजे काहीच पोचलं नाही. हे प्रकरण पुन्हा लिहायला लागेल."

इथवर सगळी मौज होती. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, विद्यापीठाची स्मरणपत्रं यायला लागली, आणि गठ्ठा काही परत जाईना. सगळी प्रकरणं वाचून झालेली, खुणा करून झालेल्या, तरी रोज दुपारी सर तो काढून बसायचे. दोन पानं वाचायचे, स्वतःशी हसायचे, कधी मान हलवायचे, आणि पुन्हा दोरी बांधून ठेवायचे. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. "स्वतःला जन्मात एक पुस्तक लिहवलं नाही, दुसऱ्याचं कसं पास करवेल?" मला त्या लोकांचा संताप यायचा आणि खरं सांगते, सरांचाही यायला लागला होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी जतच्या त्या मुलीनं पुन्हा विचारलं, "बाई, पुस्तक?" तेव्हा माझा तोल गेला. मी तरातरा विभागात गेले.

"सर, पुस्तक वाईट आहे का?"

"वाईट? अहो, असं पुस्तक मराठीत व्हायचं नाही परत."

"मग पाठवत का नाही? जून येईल, पोरं येतील, पुन्हा आपली इंग्रजी पोपटपंची. कशासाठी अडवून ठेवलंय तुम्ही?"

त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, पहिलं पान काढलं आणि मला वाचून दाखवलं. उत्पन्न देशभर कसं फिरतं याचं प्रकरण होतं ते. रहिमतपूरचा आठवडी बाजार. कुंभार मडकं विकतो आणि त्याच नोटेनं तेल घेतो. तेलवाला त्याच नोटेनं चपला घेतो. चांभार मिरच्या घेतो, मिरचीवाली मडकं घेते. बाजार उठतो तेव्हा नोट पुन्हा कुंभाराच्या कनवटीला, आणि मधल्या मधे सगळ्यांचा बाजार झालेला.

"ही गोष्ट मी पहिल्यांदा साताऱ्यात ऐकली, बाई. बोर्डिंगच्या पायरीवर," सर म्हणाले. "मी आटपाडीहून आलेलो. अर्थशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलं आणि रडायला लागलो. शेजारी रहिमतपूरचा एक पोरगा बसलेला, ऊसवाल्याच्या घरचा. म्हणाला, रडतोस कशाला गड्या, हे तर आमच्या बाजारात असतंय. आणि ही गोष्ट सांगितली. त्या दिवशी माझा कंदील पेटला. न्हाईतर मी मेंढरांमागं गेलो असतो परत."

त्या पोराचं नाव ते कधी घेत नसत. आमचा रहिमतपूरकर, एवढंच म्हणत. दोघं एकत्र शिकले. एकत्र सांगलीला नोकरीला लागले, एका खोलीत राहिले. हरिपूरचं पेव दोघांनी मिळूनच पहिल्यांदा बघितलं आणि पुस्तकं तपासायची ही कंदिलाची तऱ्हाही दोघांची. आपल्या पोरांना रडायला लागू नये असं एक मराठी पुस्तक दोघांनी मिळून लिहायचं, असं ठरलेलं. पण बचत-गुंतवणुकीच्या प्रकरणाशी गाडी अडली. पेवातल्या हळदीला रहिमतपूरकर म्हणायचा बचत, सर म्हणायचे गुंतवणूक. महिनेच्या महिने तेच. मग रहिमतपूरकराला साताऱ्याच्या कॉलेजात बोलावणं आलं.

"जायच्या दिवशी म्हणाला, तू असा अडून बसतोस म्हणून पुस्तक होत न्हाई. मला राग आला. माझा राग हळदीचा नव्हताच, तो चालला होता त्याचा होता. मी म्हणालो, मग लिही की एकटा." सरांनी त्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. "त्यानं माझं ऐकलं की हो बाई. लिहिलं एकट्यानं."

नाव झाकलेलं होतं, पण पहिल्या चार ओळींतच त्यांना कळलं होतं. मला आता त्या स्टँडचा उलगडा झाला आणि सोमवारच्या प्रश्नाचाही. साताऱ्यात पाऊस आहे का, हे त्या माणसाला कधी नकोच होतं.

"हे परत पाठवलं की संपलं," सर म्हणाले. "रोज दोन पानं वाचतो. तो शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. आणखी काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी मी म्हटलं, "आणि जतची ती पोरगी? तिच्या शेजारी कोण बसणार?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर अभिप्राय लिहून तयार होता. पुस्तक अत्यंत योग्य आहे, विनाविलंब लावावं, समासातल्या खुणांप्रमाणे दुरुस्त्या व्हाव्यात. एका परिच्छेदावर मात्र त्यांनी ठळक खूण केली होती. 'पेवात ठेवलेली हळद ही बचत होय, तिला गुंतवणूक म्हणता येणार नाही', असं रहिमतपूरकरांनी अजून ठासून लिहिलं होतं. त्याच्यासमोर सरांनी लिहिलं होतं, 'कंदील विझला', आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. शिपाई गठ्ठा घेऊन पोस्टात गेला, तेव्हा सर खिडकीशी उभे होते. त्या खिडकीत मग कितीतरी दिवस नुसतं डस्टर पडलेलं होतं.

जूनमध्ये छापील पुस्तक आलं. विद्यापीठानं एक प्रत सरांना पाठवली. सरांनी नियमाप्रमाणे ती खिडकीत ठेवली. माझा जीव खालीवर होत होता, पण काय बिशाद होती हात लावायची! दुसऱ्या दिवशी ते वाचायला बसले. जिथं जिथं कंदील विझला होता, तिथं तिथं लेखकानं नव्यानं लिहिलं होतं. घरमालकीणबाईंनी हात जोडले ते प्रकरण तर इतकं सोपं झालं होतं, की आता त्या नक्की म्हणाल्या असत्या, यात देव कुठाय? सर पानं उलटत उलटत बचत-गुंतवणुकीपाशी आले आणि थांबले. मग मोठ्यांदा हसायला लागले. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

परिच्छेद जसाच्या तसा होता. काना-मात्रा हललेली नव्हती.

"सगळं ऐकलंय, आणि हेच तेवढं ठेवलंय! मुद्दाम! म्हणजे मी भांडायला यावं."

"पण परीक्षक तुम्हीच, हे त्यांना कसं कळलं?"

"अहो बाई, 'कंदील विझला' असं लिहिणारा दुसरा कोण आहे त्या विद्यापीठात?"

"म्हणजे तुम्हीसुद्धा मुद्दामच..." मी म्हणायला गेले, तर ते एकदम चष्मा पुसायला लागले.

त्याच दुपारी ते निघाले. छत्री विसरले म्हणून मी मागनं धावत स्टँडवर गेले. साताऱ्याची गाडी लागलेली. कंडक्टर दारात उभा होता, तो म्हणाला, "आवं सर, आली की गाडी वेळेवर." सर म्हणाले, "आली व्हय? मग सरक जरा बाजूला, चढू दे मला." कंडक्टर बघतच राहिला. खिडकीतून छत्री घेताना त्यांनी पुस्तक मला दाखवलं, त्या पानात हळकुंड घातलेलं होतं खुणेसाठी. हळदीचा डाग पडेल हो, असं मी ओरडले, पण गाडी सुटली होती.

सोमवारी मी विभागात आले, तर सर आधीच येऊन बसलेले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मग मीच विचारलं, "काय म्हणतंय सातारा?"

"भांडतंय," सर म्हणाले, आणि असे प्रसन्न दिसले की मी पेढ्याचा पुडा अख्खाच त्यांच्यापुढं ठेवला.

त्यानंतरची ती थोडी वर्षं! कधी शनिवारी माझ्याच गाडीनं सर साताऱ्याला यायचे, कधी रहिमतपूरकर सांगलीला. गोरा, पोट सुटलेला, गांधी टोपी तिरकी घातलेला मोठा बोलका माणूस. मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमी व्हय बाई त्या? लय उपकार झाले. ह्या आटपाड्याला तुमी हाकललं नसतं, तर ह्यो माझं पुस्तक उशाला घेऊन झोपला असता." परत जाताना दोघं स्टँडवर यायचे आणि गाडीच्या दारात उभं राहून तेच सुरू.

"अरं आटपाड्या, खाल्ली न्हाई म्हंजे वाचवली. वाचवली म्हंजे बचत. तुझं घोडं कुठं पेंड खातंय?"

"आणि पुढल्या सालासाठी मालाचा साठा वाढवला, त्याला काय म्हणतोस?"

"त्याला मी हळद म्हणतोय."

"रहिमतपुरात म्हणत असतील. शास्त्रात गुंतवणूक म्हणतात."

कंडक्टर कावलेला. "आवं सायेब, बसताय का सोडू गाडी?"

"सोड सोड," रहिमतपूरकर म्हणायचे. "ह्याला समजल्याशिवाय मी जात न्हाई." आणि गाडी जायची. दोघं पुन्हा सरांच्या खोलीवर.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्ही दोघंही बरोबर आहात. मिळकतीतलं जे खाल्लं नाही ती बचत, आणि त्याच मालाचा जो साठा वाढला ती गुंतवणूक. हळद एकच, इकडून बघितली की हे, तिकडून बघितली की ते. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते मी हे." दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि इतका वेळ एकमेकांवर धावून जाणारे ते दोघे एका सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही मधे पडू नका."

त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण ते मिटवायचंच नव्हतं त्यांना. सर वर्गात तो परिच्छेद मोठ्यांदा वाचून दाखवायचे. "हे चूक आहे. आमच्या मित्राची चूक आहे. का चूक आहे ते सांगा." जतची ती मुलगी उठून म्हणाली, "चूक न्हाई सर, अर्धं हाय." सरांनी ते हळकुंड तिच्या हातात दिलं आणि वर्ग संपेपर्यंत परत मागितलं नाही.

मी पुढं लग्न होऊन सांगली सोडली. कॉलेजं बदलली, मोठ्या विद्वानांच्या शेजारी बसले, पण शब्द संपला तरी बोलणं संपू नये म्हणून गाड्या चुकवणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत. सोमवार आला की अजून वाटतं, कुणीतरी विचारावं, काय म्हणतंय सातारा. कुणाला काय पडलीय! मला मात्र फार आठवण येते.

मी सांगलीत होते त्या शेवटच्या वर्षी रहिमतपूरकर गेले. छातीत कळ आली आणि गेले, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी साताऱ्यात होते, शेवटच्या दर्शनाला गेले. सर आदल्या गाडीनं येऊन पोचलेले होते, अंगणात एका बाजूला कोट घालून उभे होते. सोमवारी आम्ही दोघं विभागात समोरासमोर बसलो. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून ते संध्याकाळी नदीवर फिरायला जायला लागले.

काही महिन्यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. विद्यापीठानं ते पुन्हा तपासायला पाठवलं, सरांकडेच. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, लेखक आता हयात नाहीत, तरी काही चुका राहिल्या असल्यास परीक्षकांनीच दुरुस्त करून द्याव्यात.

या वेळी सरांनी पुस्तक खिडकीत ठेवलं नाही. हातात आल्याबरोबर उघडलं, नेमकं ते पान काढलं आणि पेन्सिल हातात घेऊन बसले. मी समोर होते. मला वाटलं, आता तरी ही ओळ दुरुस्त होईल. आमच्या सरांना एक चुकीचा शब्द खपत नसे, तिथं पोरांच्या पुस्तकात चुकीचं वाक्य ते कसं राहू देतील?

मी हळूच म्हटलं, "सर, आता दुरुस्त करायला काय हरकत आहे? आता भांडायला कुणी नाही."

"तेच की," सर म्हणाले.

आणि पूर्वी जिथं 'कंदील विझला' लिहून दोन रेघा ओढल्या होत्या, बरोब्बर त्याच जागी त्यांनी सावकाश लिहिलं, 'कंदील तेवतो आहे. हात लावू नये.'